खोली तयार, वाटेचं काय?

मंडळी, मोठा राउटर (इंटरनेटचं ट्रॅफिक पुढे पाठवणारं यंत्र) बसवायचा असला आणि 'जागा तयार आहे का?' असं विचारलं की समोरून उत्तर येतं, 'हो, रंग झाला, एसी लागला.' मग मी विचारतो, ट्रक कुठे लागणार? यावर सगळे एकमेकांकडे बघतात. माझ्या हिशेबात जागा ट्रकच्या फाळक्यापासून सुरू होते आणि रॅकचे, म्हणजे यंत्र बसवायच्या लोखंडी कपाटाचे, पाय टेकतात तिथे संपते. मधला उंबरठा, उतार, लिफ्ट, वळण हे सगळं जागेतच धरायचं.

आमचीच फजिती सांगतो. रिकामा रॅक होता, उंची 2 मीटर, खोली 1.2 मीटर. (खोली म्हणजे पुढून मागपर्यंतचं माप. या एका शब्दाने आमच्या नकाशांवर बरेच घोळ घातलेत.) वाटेतलं एक दार त्याहून बुटकं निघालं, म्हणून रॅक पाठीवर आडवा करून आत नेला. उभा करायला गेलो तर वरची कड फॉल्स सीलिंगला अडली. सीलिंग 2.3 मीटरवर आणि उभा होताना लागणारा कर्ण 2.33 मीटर! तीन सेंटिमीटरसाठी चार माणसं तासभर घाम गाळत होती. शेवटी कुशीवर वळवला. रुंदी 60 सेंटिमीटर, म्हणजे कर्ण 2.09 मीटर. अलगद उभा राहिला. पायथागोरस आम्हाला एक दिवस उशिरा आठवला, इतकंच. आणि हे रिकाम्या रॅकचं झालं. भरलेला रॅक आडवा करायचाच नसतो.

आता वजन. मोठ्या राउटरची भरलेली चॅसिस (कार्ड, पॉवर सप्लाय बसवायची पेटी) काही शे किलोंची असते. रॅक, केबल धरून 800 किलो समजू. 60 बाय 120 सेंटिमीटरवर ते सारखं पसरलं, तर दर चौरस मीटरला साधारण 1,100 किलो होतात. पण वजन असं पसरत नसतं. ते चार पायांवर उतरतं, दर पायाला 200 किलो, तेही तळहाताहून लहान चकतीवर. जमीन सपाट नसेल तर डुगडुगणाऱ्या टेबलासारखी गत होते. एक पाय अधांतरी, आणि जवळजवळ सगळा भार तिरकस समोरासमोरच्या दोन पायांवर, म्हणजे दर पायाला 400! म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला एक आकडा विचारून थांबू नका. पसरलेला भार किती चालतो, एका बिंदूवर किती चालतो आणि चाकांवरून ढकलताना किती, असे तीन आकडे कागदावर घ्या. रेझ्ड फ्लोअर (खाली पोकळी ठेवून टाइल बसवलेली जमीन) असेल तर संपूर्ण वाटेवर जाड प्लायवूड किंवा लोखंडी पत्रे अंथरा. केबलसाठी कापलेल्या टाइलवर रॅकचा पाय येऊ देऊ नका, आणि कापलेल्या कडेखाली जादा आधार द्या.

उचलण्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या सूत्रात, सगळं अगदी आदर्श असतानाही, एका माणसाने उचलायची मर्यादा 23 किलो धरली आहे. तेव्हा 'मी एकटा उचलतो' म्हणणाऱ्याला आधी बाजूला बसवा. कार्ड, पॉवर सप्लाय, फॅन ट्रे काढून चॅसिस हलकी करा. त्या भागांना मुठी असतात, पण त्या तो भाग बाहेर ओढायला असतात. त्या मुठी धरून चॅसिस उचलायची नाही. रॅक आधी जमिनीला बोल्टने पक्का करायचा, आणि सगळ्यात जड वस्तू सगळ्यात खाली.

उष्णतेचं गणित सोपं आहे. यंत्राने जेवढी वीज घेतली, तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर येते. 10 किलोवॉटसाठी एसीची जवळजवळ तीन टन क्षमता लागते.

अर्थिंगवर मात्र मी अडून बसतो. अशा यंत्राच्या पॉवर सप्लायमधल्या विजेच्या फिल्टरमधून थोडा करंट सतत बॉडीकडे झिरपत असतो. चार-सहा पॉवर सप्लाय असले की तो साचत जातो. अर्थ सुटलेली असेल तर तो हात लावणाऱ्या माणसाची वाट बघतो. म्हणून अर्थची वायर सगळ्यात आधी जोडायची, सगळ्यात शेवटी काढायची. आणि लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बसवण्याआधी तिथला रंग खरवडून काढा. रंगावर घट्ट आवळलेला बोल्ट दिसायला झकास, पण विजेच्या दृष्टीने तो जोडलेलाच नसतो.

उणे 48 व्होल्टची डीसी असेल तर 'अठ्ठेचाळीसच तर आहेत' म्हणून अंगठी घालून आत हात घालणारे मी पाहिलेत. मागे बॅटऱ्यांची रांग असते. पाना किंवा अंगठी आडवी आली, तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. शॉक बसो न बसो, बोट भाजतंच. अंगठी, घड्याळ, कडं दाराबाहेर.

मघाशी कोणीतरी विचारलं की दोन फीड (यंत्राला वीज आणणाऱ्या लाइन) आहेत, मग काळजी कसली? दोन्ही केबल मागे जाऊन एकाच पॅनेलला भेटत नाहीत ना, ते स्वतः चालत जाऊन बघा. प्रत्येक फीडला एकट्याने पूर्ण भार पेलता आला पाहिजे, नाहीतर एक गेली की पाठोपाठ दुसरीचाही ब्रेकर पडतो. यंत्रावर ट्रॅफिक घेण्याआधी एक फीड मुद्दाम बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग ती सुरू करून दुसरी बंद करा.