सॅमनच्या जुन्या फ्लाय आणि सह्याद्रीतले पीस

नमस्कार, श्रोते हो. स्कॉटलंडमध्ये टे, स्पे, डी आणि ट्वीड या नद्यांच्या काठी राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांत एक वस्तू पिढ्यानुपिढ्या जपलेली आढळते. ती म्हणजे एक कातडी पाकीट. त्याच्या आत चर्मपत्राची किंवा लोकरी कापडाची पाने असतात आणि त्या पानांत रंगीबेरंगी पिसे बांधलेले गळ ओळीने अडकवून ठेवलेले असतात. सॅमन मासा धरण्यासाठी बांधलेल्या या गळांना फ्लाय म्हणतात. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे, कारण त्यांतल्या बहुतेक नामांकित नमुन्यांत आपल्या सह्याद्रीतल्या एका पक्ष्याचे पीस आहे, आणि अशा ठेवीचे काय करावे याविषयी मला काही आग्रहाने सांगायचे आहे.

अटलांटिक सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या नदीत परततो. नदीत शिरल्यावर तो जवळजवळ काहीच खात नाही, तरीही समोरून सरकत गेलेल्या वस्तूवर कधीकधी झडप घालतो. ती झडप चिडून घातलेली असते की लहानपणच्या सवयीने, यावर जाणकारांचे आजही एकमत नाही. मासा भुकेने येतच नसल्यामुळे फ्लाय खऱ्या किड्यासारखी दिसण्याची गरज उरली नाही, आणि या मोकळिकीचा १९व्या शतकातल्या कारागिरांनी पुरेपूर लाभ घेतला. त्या काळी ब्रिटिश व्यापाराची जहाजे जगभरचे पक्षी लंडनच्या बाजारात आणत होती. चीनमधल्या सोनेरी फेझंटचा तुरा, दक्षिण अमेरिकेतल्या मकाव आणि टूकान यांची पिसे, निळ्याभोर कोटिंगाची इवली पिसे, शहामृग, मोर, माळढोकाच्या कुळातले पक्षी, असा सगळा ऐवज एकेका गळावर येऊन बसला. जॉर्ज केल्सन यांनी १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा शेकडो फ्लायच्या कृती बारीकसारीक तपशिलांसह दिल्या. अमुक पाण्याला अमुकच रंग चालतो, हा त्यांचा आग्रह पुढे टिकला नाही; पण त्यांनी नोंदवलेली कारागिरी मात्र आजही तशीच प्रमाण मानली जाते.

या नमुन्यांपैकी ‘जॉक स्कॉट’ ही फ्लाय जरा जवळून पाहू. लॉर्ड जॉन स्कॉट यांच्या पदरी असलेल्या जॉक स्कॉट नावाच्या मच्छीमाराने ती प्रथम बांधली, असे मानतात. तिच्या अंगाचे दोन सारखे भाग असतात. मागचा भाग सोनपिवळ्या रेशमाचा आणि पुढचा काळ्या रेशमाचा असतो, त्यावर चांदीच्या जरीचे वेढे दिलेले असतात, आणि दोन्ही भागांच्या सांध्यावर शहामृगाच्या काळ्या पिसाचा दाट गोंडा असतो. पंख एका पिसाचा नसतोच. टर्की, फेझंट, मोर, मकाव आणि निळे-पिवळे रंगवलेले हंसपीस यांचे चिंचोळे धागे एकमेकांत गुंफून जणू एकच पीस असल्यासारखा तो घडवतात आणि वर सोनेरी तुऱ्याची कमान बसवतात. मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याचा एक वेढा सैल पडला, तर सारा पंख एका बाजूला कलंडतो. आणि या पंखाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यासारखे चमकणारे एकेक पीस बसते, ते रानकोंबड्याचे.

राखी रानकोंबडा हा पक्षी भारताबाहेर कुठेही नैसर्गिकपणे आढळत नाही. कोयनेच्या किंवा भीमाशंकरच्या जंगलात पहाटे त्याची तुटक बांग ज्यांनी ऐकली आहे, त्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. नराच्या मानेवरच्या पिसांवर पांढरट-पिवळे कठीण ठिपके असतात, आणि ते वितळलेल्या लाखेचे थेंब पडल्यासारखे दिसतात. ओले झाल्यावरही या ठिपक्यांची चकाकी जात नाही, म्हणून फ्लाय बांधणाऱ्यांना दुसरे कोणतेच पीस त्याच्या तोडीचे वाटले नाही. ही आवड त्या पक्ष्याला महागात पडली. फक्त मानेसाठी नर मारले जात. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, १९२१ साली ब्रिटनने आयातीविरुद्ध कायदा केला, पण हा व्यापार खऱ्या अर्थाने आवळला गेला तो आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर. आज परदेशात वापरतात ती पिसे पाळीव पैदाशीतल्या पक्ष्यांची असतात.

म्हणूनच वारशाने आलेल्या पाकिटाकडे कागदपत्रांच्या नजरेने पाहावे, असे मला वाटते. स्कॉटलंडच्या पर्थशायर भागातल्या एका घरी मी असे एक पाकीट सविस्तर पाहिले. काही गळांना धातूचे नेढे नव्हते, त्याजागी तातीचा फास बांधलेला होता. ही तात रेशमाच्या किड्याची ग्रंथी शिर्क्यात भिजवून, ओढून काढत. स्पेनमधला मुर्सिया हा प्रांत त्यासाठी प्रसिद्ध होता. नेढे असलेले गळ १९व्या शतकाच्या अखेरीस रूढ होत गेले, त्यामुळे फास आणि नेढे यांवरून फ्लायच्या वयाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. त्या पाकिटाच्या एका पानावर पेन्सिलीने नदीतल्या डोहाचे नाव आणि पाण्याची स्थिती लिहिलेली होती. शेजारच्या फ्लायचे एका बाजूचे रानकोंबड्याचे पीस दुभंगलेले होते आणि गळाच्या वाकावरचे काळे रोगण उडालेले होते. ती माशाच्या तोंडात जाऊन आलेली होती. अशी फ्लाय दुरुस्त करणे मला अजिबात पटत नाही. नवे पीस लावले की ती देखणी होईल, पण तिने काय पाहिले ते पुसले जाईल.

असली पाकिटे फोडून एकेक फ्लाय काचेच्या चौकटीत बसवून विकतात, हे पाहून फार वाईट वाटते. डोहाचे नाव लिहिलेले पान टाकून देतात आणि उरते ती नुसती शोभेची वस्तू. पिसांची हाव किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण २००९ साली घडले. इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील निसर्ग इतिहास संग्रहालयातून एका तरुण फ्लाय बांधणाऱ्याने २९९ पक्ष्यांचे पेंढा भरलेले नमुने चोरले. त्यांतले काही १९व्या शतकातले निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेले होते. कित्येकांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या काढल्या गेल्यामुळे, परत मिळूनही ते अभ्यासाच्या दृष्टीने निकामी झाले. फोडलेल्या पाकिटाचीही हीच गत होते.

याच कलेत मेगन बॉइड यांच्यासारखी माणसेही होऊन गेली. स्कॉटलंडमधल्या ब्रोरा गावाजवळच्या एका साध्या घरात खिडकीपाशी बसून त्यांनी आयुष्यभर फ्लाय बांधल्या, १९७१ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले, आणि तरीही त्यांनी स्वतः कधी सॅमन धरला नाही. त्यांच्या हातची फ्लाय घरात असणे ही आज अभिमानाची गोष्ट मानली जाते.

ज्यांच्याकडे अशी ठेव असेल त्यांनी पहिली भीती बाळगावी ती कसरीची, कारण लोकर आणि पीस तिला सारखेच प्रिय. पाकीट बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्यास किडे आणि त्यांची अंडी मरतात. उन्हाने रंग उडतात आणि दमटपणाने गळ गंजून पिसापर्यंत डाग चढतो, म्हणून जागा कोरडी आणि अंधारी असावी. जुनी तात ठिसूळ झालेली असते, तिला ताण देऊ नये. पाकिटातली कोणतीही चिठ्ठी, पावती किंवा दोऱ्याचा तुकडा जिथे आहे तिथेच राहू द्यावा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाकिटासोबत ठेवावे.

जुनी फ्लाय नदीत टाकण्याचा मोह मात्र टाळावा. अटलांटिक सॅमनची ब्रिटनमधली संख्या इतकी घटली आहे की २०२३ साली तिथल्या सॅमनची नोंद धोक्यात आलेल्या जातींत झाली, आणि स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेले बहुतेक सॅमन आता पुन्हा पाण्यात सोडले जातात. ज्यांना ‘जॉक स्कॉट’नेच मासा धरायचा आहे, त्यांनी टर्कीची आणि कोंबडीची रंगवलेली पिसे घेऊन ती नव्याने बांधावी. सॅमन त्या फ्लायवरही तितक्याच जोराने येतो.