आजी म्हणणारं बेट

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षेपाने)

नमस्कार मंडळी.

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'प्रवासवर्णन' छापलंय. पण त्रिनिदादहून मी फोटो कमी आणि शब्दच जास्त आणलेत, तेव्हा स्लाइड शो नाही. जेवणाची पानं सव्वाआठला मांडायची आहेत, हेही मला दोनदा बजावून झालंय.

आमच्या सासऱ्यांना त्रिनिदाद म्हणजे एकच गोष्ट ठाऊक. 1971, क्वीन्स पार्क ओव्हल, वाडेकर कप्तान, सरदेसाईंचं शतक आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या गावसकरांच्या 65 आणि नाबाद 67 धावा. वेस्ट इंडीजला आपण पहिल्यांदा हरवलं ते तिथे. त्यापलीकडे बेटाला भूगोल असतो, हे त्यांच्या गावी नव्हतं.

आणि भूगोल तर भलताच. कॅरिबियन बेटांच्या माळेतला हा दक्षिणेकडचा शेवटचा मणी, पण मुळात तो त्या माळेतला नाहीच. व्हेनेझुएलापासून जेमतेम 11 किलोमीटरवर असलेला दक्षिण अमेरिकेचाच सुटलेला तुकडा आहे तो. ला ब्रियाला डांबराचं तळं आहे, सुमारे 40 हेक्टरचं. त्यावरून चालता येतं, फक्त एका जागी फार वेळ उभं राहायचं नाही. 1595 साली वॉल्टर रॅलेने याच डांबराने जहाजांच्या फटी बुजवल्या होत्या.

कोलंबस 1498 मध्ये आला, मग स्पेनचं राज्य, 1797 पासून इंग्रजांचं. मळे उभे राहिले ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या पाठीवर. 1838 मध्ये ती माणसं खऱ्या अर्थाने मोकळी झाली आणि उसाला हात कमी पडू लागले. 30 मे 1845 रोजी कलकत्त्याहून निघालेलं 'फतेल रझाक' जहाज सव्वादोनशे माणसं घेऊन बंदराला लागलं. 1917 पर्यंत आणखी जहाजं आली, एकूण 1 लाख 40 हजारांहून जास्त माणसं, बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली. दलाल म्हणे 'चिनीदाद'ला चला, साखर चाळायचं काम आहे, असं सांगत. आज बेटावर भारतीय वंशाचे लोक 35 टक्क्यांच्या आसपास आहेत, आफ्रिकन वंशाचेही जवळपास तितकेच.

मराठी मजूर गेले ते मॉरिशसला. त्यामुळे इथे आपलं काही सापडेल म्हणून मी गेलेच नव्हते. कुव्हा गावात ज्या घरी उतरले, तिथल्या सात वर्षांच्या मुलीने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आजी!"

मी 'ओ' दिली, मंडळी. सवयच ती.

भोजपुरीतही वडिलांची आई ती आजी, वडिलांचे वडील आजा. त्या घरात भोजपुरी कुणालाच बोलता येत नाही, आजींनाही नाही. वाक्यं सगळी त्यांच्या वळणाची इंग्रजी, त्यात हाका आणि भांडी तेवढी जुनी: आजी, नानी, मौसी, तवा, बेलना. आजींनी वांग्याला चिरा देऊन त्यात लसूण खुपसला, वांगं गॅसवर भाजलं, सोललं, ठेचलं. हा बैगन चोखा. म्हटलं, हे तर आमचं भरीत, आम्ही यात दाणेही घालतो. त्यावर त्यांनी जे तोंड केलं, ते इथल्या जळगावकरांनी बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ दाखवलं. शिवदास साधू नावाच्या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगात घातलं. सुटून आल्यावर त्याने सायकलवरून दगड वाहून समुद्रातच भराव घातला, कारण समुद्र कंपनीचा नव्हता! पंचवीस वर्षं एकटा.

निघायच्या आदल्या रात्री आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढली. त्यांच्या आजाच्या बापाचा जहाजाचा पास. नाव, वय, उंची, अंगावरची खूण, आणि जिल्ह्यापुढे जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक नाव. घरात सगळे ते 'गझीपोर' म्हणत.

"तुम्ही कसं म्हणता?" त्यांनी विचारलं.

"गाझीपूर."

नातीला एका दमात आलं. आजींना चार वेळा म्हणावं लागलं. मग पास परत पिशवीत, पिशवी डब्यात, डबा फडताळात वरच्या फळीवर.

मागून खुणा चालल्यात. सव्वाआठ वाजले वाटतं.