दहा आसांची रोजंदारी आणि चांदी जडवलेलं म्यान

नमस्कार श्रोतेहो.

इसवी सन 14. सम्राट ऑगस्टस नुकताच वारला होता आणि डॅन्यूब नदीकडच्या पॅनोनिया प्रांतात रोमन सैनिकांनी बंड केलं. त्यांचं गाऱ्हाणं इतिहासकार टॅसिटसने नोंदवून ठेवलंय. आमच्या जिवाची किंमत दिवसाला दहा आस, आणि कपडे, हत्यारं, तंबू यांचे पैसेही त्यातूनच भरायचे! आस म्हणजे तांब्याचं किरकोळ नाणं. असे सोळा आस मोजले की चांदीचा एक दिनार होई.

हे दहा आस ध्यानात असू द्या. आज ज्या खंजिराबद्दल बोलणार आहे, तो याच पगारातून आलेला.

त्याला लॅटिनमध्ये म्हणत पुगिओ. खंजीर म्हटलं की आपल्यापुढे वाकडं पातं येतं, पण पुगिओ सरळ आणि दुधारी. पातं वीस-पंचवीस सेंटीमीटरचं, चांगलं रुंद, मधोमध उठावदार कणा. मुठीवर मध्यभागी एक गोल फुगवटा, म्हणजे पकड सुटत नाही. हा घाट मूळचा रोमचा नव्हे. स्पेनमधल्या केल्टिबेरियन टोळ्या असे खंजीर बाळगत. तिथल्या लांबलचक लढायांत रोमनांनी तो उचलला. ज्यांनी आपल्याला जेरीस आणलं त्यांचंच हत्यार कमरेला लावायचं, हा रोमनांचा गुण मला फार मोठा वाटतो.

2019 मध्ये जर्मनीत हाल्टर्न इथे उत्खननात काम करणाऱ्या 19 वर्षांच्या एका शिकाऊ मुलाला एका थडग्यात गंजाचा गोळा सापडला. आत काय आहे ते डोळ्यांना दिसतच नव्हतं. स्कॅन केलं, मग तब्बल नऊ महिने जपून साफसफाई चालली. गंजाखालून निघालं लोखंडी म्यान, आतून लिंडन लाकडाचं अस्तर, बाहेर चांदीची जडावाची नक्षी आणि तांबडी मिनाकारी. सोबत पट्ट्याचे अवशेष. काळ ऑगस्टसचाच, म्हणजे बंडवाल्यांच्याच पिढीचा. सैनिकाला हत्यारासह पुरायची रोमनांत सहसा रीत नव्हती, तरी याच्यासोबत कुणीतरी त्याचा खंजीर ठेवला. दहा आस मिळवणारी माणसं असं म्यान कमरेला लावत होती! लढाईत मुख्य काम भाल्याचं आणि तलवारीचं. खंजीर ही शेवटची सोय. तरी हौस केली ती त्याच्यावर, कारण चिलखत उतरवल्यावरही छावणीत, बाजारात तो कमरेला दिसायचा.

अर्थात नुसता खंजीर पुरत नसे. इसवी सन 47 मध्ये सेनापती कॉर्ब्युलोने तट खणताना फक्त खंजीर लावलेल्या एका सैनिकाला देहदंड दिला, अशी कथा टॅसिटस सांगतो, आणि ती फुगवलेली असावी असंही तोच म्हणतो.

सीझरचा खून सगळ्यांना ठाऊक आहे: 15 मार्च, इसवी सन पूर्व 44, अंगावर खंजिरांचे 23 वार. त्यानंतर कटातला एक म्होरक्या, ब्रूटस, याने काय केलं पाहा. स्वतःच्या सैन्यासाठी पाडलेल्या नाण्यावर त्याने दोन खंजीर कोरले आणि मधोमध टोपी. गुलामाला मुक्त केलं की त्याच्या डोक्यावर घालत ती टोपी. सैनिकाच्या हातात पगार पडायचा, त्यावरच कटाची अशी उघड कबुली.

आणि पट्टा? खंजीर लटकायचा तो पट्टा म्हणजे सैनिकाची ओळख. ऑगस्टस चुकार सैनिकांना बिनपट्ट्याचं, नुसत्या अंगरख्यावर, सेनापतीच्या तंबूपुढे दिवसभर उभं करायचा. सगळ्या छावणीदेखत.

इसवी सन 79 मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला. जवळच्याच हर्क्युलेनियम शहराच्या किनाऱ्यावर शेकडो माणसं होड्यांच्या आशेने थांबलेली होती. 1980च्या दशकात तिथे खोदकाम झालं, तेव्हा त्यांच्यातच एक सैनिक सापडला, वाळूवर पालथा पडलेला. जवळ थोडी नाणी होती. कमरेचा पट्टा त्याने उतरवलेला नव्हता. तलवार आणि खंजीर, दोन्ही त्याच्यापाशीच होते.