सारसाची चोच आणि आपला तेरडा

मंडळी, आधीच सांगून टाकतो. रानातलं जिरेनियम शोधायला उद्या सेमिनरी हिल्सवर गेलात, तर हात हलवत परत याल. ते हिमालयात, निलगिरीत, थंडाव्याला राहणारं. नागपूरचा मे महिना त्याला सोसायचा नाही. मग बाल्कनीत लाल गुच्छांची कुंडी असते ती? आणि शेतकरी तेलासाठी लावतात ते? दोन्ही पेलार्गोनियम, मूळची दक्षिण आफ्रिकेकडची. वनस्पतींना नावं देणाऱ्या स्वीडिश लिनियसनं १७५३ साली सगळ्यांना जिरेनियम या एका नावाखाली कोंबलं होतं. फ्रेंच अभ्यासक लेरितिए यानं १७८९ मध्ये वाटणी केली, पण नर्सरीवाल्यांना ती खबर अजून लागलेली नाही!

नावं ग्रीक आहेत, पण तुम्हाला कळतील. गेरानोस म्हणजे क्रौंच, आपल्या गोंदियाच्या सारसाचा भाऊबंद. पेलार्गोस म्हणजे करकोचा, एरोडिओस म्हणजे बगळा, त्यावरून एरोडियम, या दोघांचं तिसरं भावंड. तिन्ही नावं फळाच्या लांब चोचीवरून पडली. म्हणून हिमालयात ट्रेकला गेलात, तर फुलाचा फोटो काढून पुढे पळू नका, खाली वाळलेलं फळ शोधा. जिरेनियमची चोच पाच पट्ट्यांत उकलते, पट्ट्या झटक्यात वर वळतात आणि बी गोफणीसारखं भिरकावतात. एरोडियमची पट्टी स्क्रूसारखी पिळते. ओल लागली की सुटते, वाळली की पुन्हा पिळते, आणि असं करत बी स्वतःच मातीत रुततं. फुलात पाहायचं तर जिरेनियमच्या दहाही पुंकेसरांवर परागकोश असतात, एरोडियमच्या पाचांवरच. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या वेगळ्या दिसतात. त्याचा देठ फुलाच्या लगेच मागे आडवा कापा, आत मधाची बारीक नळी दिसेल.

आता आपल्या मातीत येऊ. १८७०च्या दशकात ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरनं भारतातल्या वनस्पतींची मांडणी केली, तेव्हा जिरेनियमच्याच कुळात अंबुटी बसवली, कमरख बसवलं आणि चक्क तेरडाही. चूक समजण्यासारखी आहे. पिकलेल्या तेरड्याला बोट लावा, फटकन फुटतो; बी उडवायची तीच खोड. पण डीएनए तपासल्यावर नातं भलतीकडेच निघालं. तेरडा जिरेनियमपेक्षा आपल्या मोहाला आणि तेंदूला जवळचा! तीन दिवसांच्या रंगाची म्हण ज्याच्यावर झाली, त्याचे सोयरे शंभर वर्षं उभे राहणारे वृक्ष आहेत.

अंबुटीही वेगळ्या कुळात गेली. पण ती तुमच्या कुंडीत न बोलावता येते, त्यामुळे तिला चुकवता येत नाही. बदामाच्या आकाराची तीन पानं, पिवळं फूल, चव आंबट. पावसाळ्यात तिच्या उभ्या शेंगा बघा. बियांवरचं पांढरं आवरण ताणलं जाऊन उलटं होतं आणि बी पिचकारीसारखं उडतं. मागच्या टेबलावर काही शेंगा ठेवल्या आहेत, भिंगही आहे. वाकून बघणाऱ्यांनी डोळे जपा.