वाचा आधी जाते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली किंवा फुटली, की पक्षाघाताचा झटका येतो. झटका गुठळीचा असेल आणि रुग्ण साडेचार तासांच्या आत योग्य रुग्णालयात पोहोचला, तर गुठळी विरघळवणारे औषध देता येते आणि पुष्कळ माणसे पुन्हा चालू-बोलू लागतात. आज मात्र मला बोलायचे आहे ते अशा रुग्णांविषयी, ज्यांच्या मेंदूची हानी सारे उपचार करूनही भरून येण्यासारखी नसते.

कर्करोगाच्या रुग्णाला शेवटाची तयारी करायला बहुधा काही अवधी मिळतो. देशातील पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतील रुग्णांची शुश्रूषा करणारे केंद्र, वांद्र्याचे शांती आवेदना सदन, १९८६ साली उभे राहिले तेही कर्करुग्णांसाठीच. पक्षाघात असा अवधी देत नाही. सकाळी लोकल पकडून कामावर गेलेला माणूस दुपारी अतिदक्षता विभागात असतो, आणि त्याची वाचा, अनेकदा शुद्धही, सर्वांत आधी गेलेली असते. मग बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलाला बोलावून पुढच्या उपचारांबाबत विचारले जाते, “तुमची काय इच्छा आहे?” माझ्या मते हा प्रश्नच चुकतो. “बाबांना आत्ता बोलता आले असते, तर त्यांनी काय सांगितले असते?” असे विचारायला हवे. पहिल्या प्रश्नाने वडिलांच्या मृत्यूचा भार मुलाच्या माथी येतो. दुसऱ्यात त्याला फक्त वडिलांचे म्हणणे आठवून सांगायचे असते.

उत्तर देण्याची घाई करू नये, हेही मी आवर्जून सांगतो. विशेषतः मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांतले अंदाज चुकू शकतात. उपचार लवकर आवरते घेतले की रुग्ण दगावतो आणि चुकीचा अंदाजही खरा ठरल्यासारखा वाटतो. याउलट मोठ्या झटक्यानंतर मेंदूला सूज आली, तर कवटीचा तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय साधारण ४८ तासांतच घ्यावा लागतो. तिने जीव वाचण्याची शक्यता वाढते, पण वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे कायम दुसऱ्यांवर अवलंबून राहावे लागते. असे जगणे रुग्णाला चालले असते का, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत, घरचेच सांगू शकतात.

असे उपचार थांबवण्याच्या कायद्याची वाट याच शहरातून, मुंबईतून निघाली. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी जीवरक्षक उपचार थांबवण्याला मर्यादित मान्यता दिली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे स्वतःला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेले पत्र, वैध ठरवले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. इच्छापत्र नसले, तरी कुटुंबाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या मान्यतेने निर्णय होऊ शकतो.

व्हेंटिलेटर काढला म्हणजे शुश्रूषा संपली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात खरे काम तेव्हाच सुरू होते. धाप लागली तर मॉर्फिनची लहान मात्रा देता येते. घशात साठलेल्या स्रावामुळे घरघर ऐकू येते आणि ती ऐकून घरच्यांच्या काळजाचे पाणी होते. परंतु खोल बेशुद्धीतल्या रुग्णाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही. त्याला कुशीवर वळवावे, स्राव कमी करणारे औषध द्यावे. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ लागला, तर तेही शेवट जवळ आल्याचे लक्षण असते, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे.

सर्वांत अवघड असते ते अन्नाचे. नाकातली नळी काढली की “आम्ही आईला उपाशी ठेवतोय” हे शल्य लेकीला पोखरते. मृत्यूच्या दारातील शरीर अन्न पचवू शकत नाही आणि त्याला भूकही सहसा लागत नाही, हे तिला कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवे, दारात उभे राहून नव्हे. कोरड पडते ती तोंडाला. म्हणून दर थोड्या वेळाने ओल्या कापसाने जीभ आणि हिरड्या पुसाव्यात, ओठांना साजूक तूप लावावे. हे काम लेकीच्याच हाती द्यावे. गंगाजल आणि तुळशीपत्राची इच्छा असेल, तर तीही जरूर पुरवावी. फक्त गिळण्याची शक्ती गेलेली असल्याने चमच्याने पाजू नये, बोट बुडवून एक थेंब ओठांवर टेकवावा.