आधी गोणपाट, मग खोगीर

वर्धा नदीच्या काठावरचं गाव. जानेवारीची सकाळ. पऱ्हाटीवर अजून दव आहे. कडुनिंबाखाली एक शिंगरू कान टवकारून उभं आहे, आणि त्याचं सगळं लक्ष एका रिकाम्या गोणपाटावर आहे.

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. मामांनी गेल्या वर्षी तिथूनच हे शिंगरू आणलं. खालचा ओठ हळूच उचलून ते दात दाखवतात. मधले दोन दुधाचे दात पडून पक्के आले आहेत, म्हणजे वय अडीच वर्षांच्या आसपास. पाठ मात्र अजून कच्ची. घोड्याच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. म्हणून यंदा या पाठीवर माणूस बसणार नाही. यंदा फक्त साजाची ओळख आणि जमिनीवरची शिकवण.

"मामा, टाकू का खोगीर?" भाचा विचारतो.

"कायले घाई करतं बाप्पा? आधी त्याले वास घेऊ दे."

शिंगरू गोणपाट हुंगतं, फुरफुरतं, मागे सरतं, पुन्हा पुढे येतं. पाठीवर झेप घेणारं जनावर म्हणजे मरण, ही भीती त्याच्या रक्तातच आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून मामा नेहमी खांद्याच्या बाजूनं जातात, तोंडानं काहीतरी पुटपुटत. गोणपाट आधी मानेवर, मग पाठीवर, मग पोटाखाली फिरतं. डाव्या अंगानं झालं की उजव्या अंगानं तेच सगळं पहिल्यापासून, कारण एका बाजूनं ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूनं दिसली की शिंगरू पुन्हा दचकतं.

आता मोरकीचा, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या दोरीच्या साजाचा, दोर बघा. मामांनी तो किंचित ताणला. शिंगरू मान वर करून अडलं. मामांनी ओढलं नाही आणि सोडलंही नाही, तेवढाच ताण धरून ठेवला. पुढचा पाय वीतभर सरकला, आणि त्याच क्षणी दोर सैल. शिंगरू शिकतं ते या सैल होण्यातून. हात सुटायला उशीर झाला, तर पाय टाकला काय आणि न टाकला काय, त्रास तोच, असं ते धरून चालतं.

लांब दोरावर गोल फिरवणं, ज्याला जुने लोक कावा म्हणतात, तेही सुरू झालं आहे. रिंगण मोठं, दोन्ही दिशांना, आणि जेमतेम दहा मिनिटं. लहान गोलात कोवळ्या सांध्यांवर ताण येतो.

आमच्या घरी एक घोडी होती. लग्नसराई तोंडावर आली म्हणून वडिलांनी तिला वयाच्या दुसऱ्याच वर्षी वरातीला नेलं. बँड, फटाके, आवळून बांधलेला तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पाठीवर नवरदेव. त्यानंतर खोगीर नुसतं दिसलं तरी तिच्या मांड्या थरथरायच्या. शेवटपर्यंत थरथरत राहिल्या. त्या थरथरण्यामुळेच मी आज इथे कॅमेरा घेऊन उभा आहे.

खोगीर चढतं. पाय ठेवायच्या रिकिबी वर बांधलेल्या, पोटावर आपटू नयेत म्हणून. तंग पहिल्या भोकावर, बोटं सहज आत जातील इतका सैल. शिंगरू पोट फुगवतं. मामा वाट बघतात, चार पावलं चालवतात, मग एक भोक वर. पुन्हा चार पावलं.

लगामाचं लोखंड थंडीनं गार पडलंय. मामा ते मुठीत धरून ऊबवतात, वर गुळाचं बोट फिरवतात. पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये हिरडीची मोकळी जागा असते. तिथे अंगठा सरकवला की तोंड आपोआप उघडतं. लोखंड आत जातं, आणि शिंगरू गूळ चघळायला लागतं.

"बस. आजच्यापुरतं झालं," मामा म्हणतात.

साज उतरतो. मामा पाठीवरून तळवा फिरवतात, कुठे गाठ नाही, कुठे केस उलटे नाहीत. सुटलेलं शिंगरू धुळीत दोन्ही कुशींवर लोळतं, अंग झाडतं, आणि थेट कुटाराच्या टोपल्याकडे जातं. भाचा गोणपाट झटकून कुंपणावर वाळत घालतो. उद्या सुरुवात पुन्हा त्याच्यापासूनच.