मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

पहाटेचे साडेपाच वाजलेत. जुन्नर तालुक्यातल्या एका गावात, एसटी थांब्यासमोर ही पांढरी गाडी उभी आहे, आत चौदा जण, सगळे साठीच्या पुढचे. प्रत्येकाजवळ एक पिशवी, पिशवीत टॉवेल, रोजच्या गोळ्या, आधार कार्डाची झेरॉक्स. गाडी पुण्याला निघालीय, धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. वाटेत मंडळी आपापसात बोलत होती आणि आम्ही कॅमेरा चालूच ठेवला होता.

"डोळा भाईर काढून ताटलीत ठेवत्यात म्हणं."
"मधीच शिंक आली तर?"
"लेझरनी करणारेत का चाकूनी?"

खिडकीपाशी हिरव्या लुगड्यातल्या आजी आहेत, त्या काहीच बोलत नाहीयेत. त्यांना मोतीबिंदू सांगितला त्याला दोन वर्षं झाली. पण घरचे म्हणाले अजून पिकला नाही, पिकू द्या, मग म्हणाले उन्हाळ्यात नको थंडीत करू, मग घरात लग्न निघालं, आणि या सगळ्यात आजींनी तांदूळ निवडणं सोडलं, मग देवळात जाणं सोडलं.

हे पिकायचं काय आहे ते आधी सांगतो. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असतं, काचेसारखं स्वच्छ. वय वाढतं तसं ते पिवळट होतं, गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. पूर्वी ऑपरेशनला मोठी चीर द्यावी लागायची, टाके पडायचे, पेशंटला कितीतरी दिवस डोकं न हलवता पडून राहायला लागायचं आणि नंतर तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. एवढं सगळं सोसायचं तर अगदीच दिसेनासं झाल्यावर करू, असा तो हिशोब होता, आणि तेव्हा तो बरोबरही होता. ऑपरेशन बदललं, हिशोब मात्र तोच राहिला. आता रोजच्या कामाला अडायला लागलं की ऑपरेशन करून घ्यायचं. उन्हाळा पावसाळा काही बघायचं नाही.

हा आता दवाखान्याचा व्हरांडा. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या वर कपाळाला चिकटपट्टी लावलीय, चूक होऊ नये म्हणून. सिस्टर रांगेने थेंब टाकत चालल्यात, बाहुली मोठी व्हायचे थेंब आहेत ते, त्यामुळे थोडा वेळ अंधूक दिसणारच. घाबरू नका आजी, असं सिस्टर प्रत्येकीला वेगळं सांगतात, नीट ऐका.

या टेबलावर गोळ्यांच्या पिशव्या उघडल्यात आणि मला विचाराल तर हे पाच मिनिटांचं काम सगळ्यात महत्त्वाचं. शुगर किती, बीपी किती, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का. ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तसं. आणि पुरुषांनी एक गोष्ट लाजू नका, लघवी अडते म्हणून प्रोस्टेटची गोळी घेत असाल, आता किंवा पूर्वी, तरी सांगा. त्यातल्या काही गोळ्यांनी बाहुली नीट मोठी होत नाही आणि बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो, आधी माहीत असलं की सर्जन तयारीने बसतो. तसंच चष्मा घालवायला तरुणपणी लेझर करून घेतलं असेल तर तेही सांगायचं, नाहीतर गढूळ भिंग काढून त्याच्या जागी जी कृत्रिम लेन्स बसवायची तिच्या नंबरचं गणित चुकू शकतं.

आता लेझरचं. सगळा गोंधळ इथेच आहे.

हे मशीन बघा. लोक ज्याला सर्रास लेझर म्हणतात ते बहुतेक वेळा हे असतं, फेको. यात लेझर नाहीच, आवाजाच्या लहरी आहेत, आपल्याला ऐकूही न येणाऱ्या. न्यूयॉर्कचे डॉक्टर चार्ल्स केलमन दाताच्या डॉक्टरकडे दात साफ करायला बसले होते, तिथलं लहरींनी थरथरणारं हत्यार बघून त्यांना हे सुचलं आणि 1967 साली त्यांनी पहिलं ऑपरेशन केलं. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या चिरेतून बारीक सुई आत जाते, गढूळ भिंगाचा चुरा करते आणि ओढून घेते. डोळा जागच्या जागी असतो, कुठल्याही ताटलीत जात नाही.

खरं लेझर वापरूनही करतात, मोठ्या हॉस्पिटलात, पण तिथेही लेझर चिरा देतं, भिंगाचे तुकडे पाडून ठेवतं, पुढचं काम बहुतेकदा याच लहरींचं. पैसे बरेच जास्त लागतात, नजर मात्र त्याने ठळकपणे जास्त चांगली येते असं मोठ्या तुलनांमध्ये दिसलेलं नाही. त्यामुळे लेझर परवडत नाही म्हणून थांबलोय असं कोणी म्हणालं ना की खूप वाईट वाटतं.

आणि ही ती लेन्स. डबीतून काढतानाचा हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. आत बाहेरची वस्तू टाकणार तर शरीर नाकारेल, सडेल, हे गाडीतल्या एका बाबांनी विचारलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण घुसायचे आणि नुसते आतच पडून राहायचे, डोळा त्यांना नाकारत नव्हता. लंडनचे हॅरल्ड रिडली यांनी ते पाहिलं आणि 1949 मध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स माणसाच्या डोळ्यात बसवली. पुढे 1992 पासून मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबमध्ये स्वस्त लेन्स बनायला लागल्या आणि अशी शिबिरं सोपी झाली. ही लेन्स आयुष्यभर टिकते, बदलायची नसते. काही जणांना महिन्यांनी-वर्षांनी लेन्समागच्या पातळ आवरणावर जाळी येते, तो परत मोतीबिंदू नव्हे, ती मात्र खरोखरच लेझरने, बसल्या जागी काही मिनिटांत साफ होते.

ही मायक्रोस्कोपची स्क्रीन, आजींचा उजवा डोळा. पापणी क्लिपने उघडी धरलीय, मिटायची भीतीच नाही. दोन वर्षं थांबल्याने भिंग तपकिरी आणि टणक झालंय, म्हणून डॉक्टरांनी फेको न करता थोड्या मोठ्या चिरेतून भिंग अख्खं काढायचं ठरवलं, यालाही टाके नाहीत. शिंक-खोकला येतोय वाटलं तर आधी बोलायचं, डॉक्टर थांबतात. फारच पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते, आजी त्याआधी पोचल्या.

बघा, घडी घातलेली लेन्स उलगडतेय.

घरी गेल्यावर थेंब वेळेवर, डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर कमी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात, सकाळची वाट बघायची नाही.

दुसरा दिवस, सकाळचे आठ. सिस्टर पट्टी सोडतायत.

(इथे निवेदन नाही. पट्टी सुटल्यापासून आजी स्वतःच्या हाताकडे बघतात तोपर्यंत फक्त मूळ आवाज.)

आजींनी तक्त्यावरची चौथी ओळ वाचली. डाव्या डोळ्याची तारीख सिस्टरनी कार्डावर लिहिलीय, पुढच्या महिन्यातली, आणि आजी ती आपली आपण वाचतायत.